दुपट्ट्याखालचा आकडा

नथ्थूजी भोयर यांना एका साहेबाने फसवलं. नथ्थूजींच्या शब्दावर आमचं गाव गप्प बसलं होतं, म्हणून गावही फसलं. साहेबाचं नाव मी इथे लिहीत नाही. माझा वकील म्हणतो, लिहिलंत तर उलट तुम्हीच अडकाल. ज्या कंपनीने रेल्वेकडून आमच्या पुलाचं काम घेतलं होतं, तिचंही नाव लिहीत नाही. साहेबाच्या हाती हे पडेल तेव्हा त्याला बरोबर कळेल.

आमचं गाव नाचणगावच्या पलीकडे, लाईनला लागून. घरं एका बाजूला आणि निम्म्याहून जास्त वावरं दुसऱ्या बाजूला. मधे फाटक होतं. फाटकाशेजारी माझं दुकान: सरकीची ढेप, म्हणजे गुरांची पेंड, खडेमीठ, दोर, घुंगरं. सुरुवात बैलबाजारात दोरांची चळत खांद्यावर टाकून फिरण्यापासून केली. तिथेच नथ्थूजी भेटले. ते बैलांचे दलाल.

उंच माणूस, मानेत किंचित पोक, मिशी अशी की खालचा ओठ हसतो की नाही ते कळू नये. खांद्यावर पांढरा दुपट्टा. बाजारात जोडी दाखवायला आणली की बाकीचे दलाल बैलाचे दात बघत, शेपटी पिळत. नथ्थूजी आधी बैल धरणाऱ्याच्या पायांकडे बघत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बैल कायले खोटं बोलन गा? त्याले का गरज आहे? ज्याले गरज आहे त्याचे पाय पाहा. एका जागी ठरते काय ते."

आमच्याकडे सौदा तोंडाने होत नसे. दलाल दुपट्टा पसरतो, त्याच्याखाली विकणाऱ्याचा हात धरतो, मग घेणाऱ्याचा. एक बोट दाबलं की एक, पंजा धरला की पाच. वरून कोणाला काही दिसत नाही. फक्त चेहरे दिसतात, आणि चेहरे कसे ठेवायचे ते सगळ्यांना येतं. आकडा त्या दोन हातांतच राहतो. एकाने "बोल" म्हणून सोडवल्याशिवाय दुसऱ्याने तो उघड करायचा नाही. असं का, तर आज दिलेला भाव उद्या दुसऱ्याने तोंडावर फेकू नये म्हणून. सौदा पक्का झाला की नथ्थूजी पितळी लोट्यातल्या पाण्याने उजवा हात धूत. पक्का झाल्याशिवाय कधीच नाही. मागचा आकडा पुढच्या माणसाला लागू नये, असं त्यांचं म्हणणं. बाजारात लोक सांगत, "थांब, म्हातारा हात धुऊन राह्यला, जोडी गेली."

रोहण्याच्या एका शेतकऱ्याची जोडी मला घ्यायची होती. माझ्याआधी वर्ध्याचा एक जण बोलून गेला होता आणि सौदा फिसकटला होता. त्याने किती म्हटलं होतं तेवढं कळलं असतं, तर मी त्याच्या जरा वर जाऊन जोडी उचलली असती.

"नथ्थूजी, आपण घरचे माणसं. त्यानं किती देल्ले होते?"

"मुरली, तो हात माह्या एकट्याचा होता काय?"

"पण सौदा तं तुटला न!"

"तुटला म्हून का झालं? त्यानं सोडवलं पाह्यजे. तो बोल म्हणन, तव्हा बोलीन."

"तो तं गेला वर्ध्याले. कव्हा म्हणन?"

"मंग तू तुह्या मनानं लाव. नाईतर घरी जा, ढेप भिजून राह्यली अशीन."

मी रागाने घरीच गेलो. ती जोडी पुढे कित्येक वर्षं रोहण्यात नांगर ओढताना मला दिसायची आणि दर वेळी माझं डोकं फिरायचं. पण बाजारातले लोक आपला हात डोळे मिटून नथ्थूजींच्या हाती का देत, तेही त्या दिवशी कळलं.

कंपनीच्या माणसांनी पुढे असं पसरवलं की हा म्हातारा जुन्या वळणाचा, त्याला रेल्वेतलं नवं काही सोसत नाही. हे साफ खोटं आहे. गावात रेल्वेच्या नव्या गोष्टी कोणी प्रेमाने बघितल्या असतील तर त्यांनीच. बाजार नसला की ते फाटकाजवळ माझ्या दुकानाच्या ओट्यावर येऊन बसत. डिझेल इंजिन त्यांना आवडत नसे. "लय बोंबलते," म्हणत. विजेवरचं नवं मोठं इंजिन कोळशाच्या वाघिणींची न संपणारी रांग घेऊन जवळजवळ आवाज न करता निघालं, की उभे राहून बघत. "पाह्य, पाह्य! मान खाली घालून ओढून राह्यला. हा गुणाचा आहे."

स्टेशनच्या छपरावर उन्हातून वीज करणाऱ्या सौर पाट्या बसवत होते तेव्हा मला ओढून तिकडे घेऊन गेले. खाली एक पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. नथ्थूजी वाकून तिला खालून चाचपू लागले.

"बाबा, हात नका लावू," बसवणारा म्हणाला.

"दात तं पाहू दे."

"याला दात नसतात हो!"

"मंग वय कसं सांगता?"

तो हसला. त्याने पाटी उलटी करून मागे चिकटवलेला कागद दाखवला, त्यावर कधी बनवली ते छापलं होतं. नथ्थूजींनी माझ्याकडून वाचून घेतलं आणि मान हलवली. "पाहा, खालूनच कळते."

परत येताना मी म्हणालो, "ऊन फुकट दाखवून हे लोक काहीतरी घेऊन जातीन."

"घेतीनच नं. तू काय ढेप फुकट देतोस?"

मग फाटकाची पाळी आली. गाड्यांचा वेग वाढणार होता, सिग्नल आपोआप चालणार होते, लाईनच्या बाजूच्या पडीक जमिनीवर सौर पाट्या लागून त्यांची वीज तारांत जाणार होती. अशा लाईनवर मधेच फाटक ठेवता येत नाही, ते बंद होईल, त्याऐवजी रुळांखालून पूल होईल, असं सांगायला तो साहेब आला. दाढी कोरलेली, बोलणं गोड, दोन दिवसांत "काय गा" म्हणायला शिकलेला. टॅबवर आकाशातून काढलेलं आमच्या गावाचं चित्र दाखवलं. बाया आपापलं छप्पर शोधू लागल्या. मी त्याच्या बुटांकडे बघत होतो. पावसाळ्याचे दिवस, गावभर चिखल, आणि बूट कोरडे. म्हणजे गाडी जिथवर येते तिथवरच हा आलेला. पलीकडच्या वावरात याने पाय ठेवलेला नाही.

"पुलाची उंची किती?" मी विचारलं.

"मानकाप्रमाणे."

"मानक किती?"

"मर्यादित उंचीचा पूल असतो हा, भाऊ."

"मर्यादा किती?"

तो हसून दुसऱ्याकडे वळला. आकडा विचारल्यावर जो हसतो, त्याच्याजवळ आकडा असतो आणि तो आपल्या सोयीचा नसतो. मी आयुष्यभर दुकान चालवलं आहे.

उंचीचंच भांडण होतं. सोयाबीन आणि हरभरा निघाला की आमच्याकडे कुटार येतं, म्हणजे गुरांना वर्षभर पुरणारा भुसा. ट्रॉलीवर जाळी बांधून ते घराएवढं उंच भरतात. ती ट्रॉली पुलाखालून गेली नाही, तर मोठ्या रस्त्याच्या उड्डाणपुलावरून लांबचा वळसा घालायचा. तेवढं डिझेल जाळायचं, तर मग गुरं ठेवायची कशाला? आणि गुरं गेली की माझी ढेप कोण घेणार? माझा स्वार्थ होताच, मी लपवत नाही. गाव फाटकाजवळ रस्त्यावर बसलं. काम सुरू होऊ दिलं नाही.

साहेब पुन्हा आला. या वेळी समोसे घेऊन. म्हणाला, "उंची वाढवून देता येईल. खाली जास्त खोदू. पण आकडा मी सगळ्यांसमोर बोलू शकत नाही. इथे बोललो तर पुढचं प्रत्येक गाव तोच मागेल."

"मंग कागदावर लिहून द्या," मी म्हणालो. "आमी कोणाले दाखवत नाई."

"कागद केला की तो वर जातो, मंजुरीला वर्ष लागतं. माझ्यावर विश्वास नाही का?"

"नाई."

लोक हसले. साहेबही हसला. तेवढ्यात मागून नथ्थूजी उठले.

"साहेब बरोबर बोलले. आकडा चारचौघात नसते बोलाचा. या साहेब, इथी बोला. एक बोट म्हंजे एक फूट." आणि त्यांनी दुपट्टा पसरला.

"नथ्थूजी, कागद!" मी ओरडलो.

"कागद कायले? हात आहे न."

साहेबाने आजूबाजूला पाहिलं. बरोबरच्या पोरीला फोटो काढायला सांगितलं आणि हात आत घातला. सुरुवातीला तो दात दाखवत होता. मग ओठ मिटले. दुपट्टा हलला, थांबला, परत हलला. नथ्थूजींनी नाही म्हणून मान हलवली आणि हात अर्धा बाहेर काढला. हे बाजारात करतात, समोरचा किती ताणतो ते बघायला. साहेबाने तो हात धरून परत आत ओढला. मी तिथेच होतो, वीतभर अंतरावर. ज्याला हा खेळ माहीत नाही, तो सुटलेला हात परत आत ओढत नाही.

नथ्थूजींनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. माझ्या दुकानातून पाणी मागितलं आणि सगळ्यांसमोर उजवा हात धुतला.

"झालं. भरली ट्रॉली जाईन. जाळीसकट."

"किती ठरलं?" मी विचारलं.

"भरली ट्रॉली जाईन, सांगतलं न."

गाव रस्त्यावरून उठलं.

काम मात्र झपाट्याने झालं, हे मान्य करायला हवं. वरून गाड्या चालू आणि खालून सिमेंटचा चौकोनी पेटारा रुळांखाली ढकलत नेला. बघायला माणसं जमत. मी दुकानातला दोर घेऊन मोजायला गेलो, तर तिथल्या इंजिनिअरने हाकललं. "अजून खोदायचंय काका." दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही अजून खोदायचं होतं. तिसऱ्यांदा गेलो तर तळाला काँक्रीट टाकून त्यावर पाणी मारत होते. मग फाटक काढलं, रस्त्यात जुने रूळ उभे गाडले आणि पुलाच्या तोंडाशी एक लोखंडी आडवी दांडी लावली. तिच्याखालून जाईल तेच पुढे जाईल.

हरभऱ्याच्या हंगामात पहिली ट्रॉली अंबादासची आली. दांडी जाळीत घुसली, जाळी फाटली आणि कुटार रस्त्यावर सांडलं. त्याच वेळी वरून नवी वेगाची गाडी गेली. जे सांडलं होतं ते त्या वाऱ्याने उडालं. अंबादास डोळे चोळत म्हणाला, "बोलवा म्हाताऱ्याले."

नथ्थूजी आले. दांडीकडे वर पाहिलं, ट्रॉलीकडे पाहिलं. खाली वाकून कुटार गोळा करू लागले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कंपनीचा कार्यक्रम झाला. मंडप, हार, स्वच्छ ऊर्जेवर भाषण, गावाला सौर दिव्यांचे खांब भेट. साहेबही आला होता. मी उभा राहिलो आणि विचारलं, "ठरलेल्या उंचीचं काय झालं?"

"कुठली उंची, भाऊ? पूल मंजूर नकाशाप्रमाणेच झाला."

"दुपट्ट्याखाली काय ठरलं होतं?"

साहेबाने नथ्थूजींकडे पाहून हात जोडले. "बाबांनी हात धरला, मी त्यांचा मान ठेवला. तुमची ही परंपरा मला फार आवडली."

सगळं गाव नथ्थूजींकडे वळलं. त्यांनी एक आकडा बोलायचा होता. एकच. तो बोलल्यावर साहेबाच्या तोंडाकडे बघायला आम्ही सगळे तयार होतो. नथ्थूजी उठले, मंडपातून चालत साहेबासमोर गेले.

"साहेब, सोडवा. तुमी बोल म्हणा, मी बोलतो."

"बोलण्यासारखं काही झालंच नाही बाबा, तर काय बोल म्हणू?"

"नुसतं बोल म्हणा."

साहेबाने माईकवाल्याकडे पाहिलं. माईकवाल्याने गाणं लावलं.

मी मंडपाबाहेर नथ्थूजींना गाठलं. माझा आवाज चढला होता. "तो खोटारडा आहे! त्याच्यासाठी कायले नेम पाळून राह्यले तुमी? आकडा सांगा, मी आत्ता माईक हिसकतो!"

"बाजारात सारेच खोटारडे असते मुरली. म्हून तं दुपट्टा आहे."

"अन् गावाचं काय?"

मिशीखालचा ओठ हलला, एवढंच दिसलं.

गावात बोलणं सुरू झालं की म्हाताऱ्याने काहीतरी खाल्लं. सौर दिव्याचा एक खांब नेमका त्यांच्या दारासमोर होता. "पाह्य, बक्षीस!" अंबादासची बायको येताजाता मोठ्याने म्हणे. मलाही संशय आला. मी कोणालाही सोडत नाही. दोर घेऊन गेलो, खांबाखांबातलं अंतर मोजलं. सगळीकडे सारखंच निघालं, तो खांब तिथेच येणार होता. त्यांच्या सुनेला आडून आडून विचारलं, घरात काही नवं आलं का. नथ्थूजी आतून ऐकत होते. बाहेर आले.

"काय सापडलं गा?"

"काई नाई."

"नीट पाह्यजो. घरामागं बी पाह्यजो. बैलाच्या गव्हाणीत पाह्यलं काय?"

माझी मान खाली गेली नाही. तपासल्याशिवाय मी कोणालाच खरा मानत नाही. पण त्या दिवसापासून कोणी त्यांच्याबद्दल बोललं की मी त्याच्या अंगावर जात असे, आणि दुकानाचं गिऱ्हाईक त्यामुळे तुटलं, तेही मी तुटू दिलं.

ते पुन्हा बाजारात गेले. मी दोर घेऊन तिथे होतो. देवळीकडचा एक जण गोऱ्हा घेऊन आला होता. नथ्थूजींनी दुपट्टा पसरला. तो जरा थांबला, म्हणाला, "बुवा, आपण तोंडानंच बोलू नं." नथ्थूजींनी दुपट्ट्याची घडी केली आणि दुसऱ्या दलालाला हाक मारून गिऱ्हाईक त्याच्या हवाली केलं. पुढे ते बाजारात दिसले नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पुलाच्या तोंडाशी. आता गावाने तिथे एक रीत पाडली आहे. ट्रॉली दांडीपाशी थांबवायची, वरचं कुटार खाली उतरवायचं, अर्धी ट्रॉली पुलाखालून काढायची, मग उतरवलेलं गाठोड्यांनी पलीकडे नेऊन पुन्हा भरायचं. दर हंगामात, दर ट्रॉलीला. मी मोटरसायकलवर येत होतो. दुपारची वेळ. एका ट्रॉलीभोवती माणसं होती आणि त्यांच्यात नथ्थूजी, हातात कुटार ओढायचं दाताळं, मिशीत भुसा. ट्रॉली त्यांची नव्हती. मी विचारलं तर अंबादास हळूच म्हणाला, "रोज येते. कोणाची बी असो. नको म्हटलं तरी आयकत नाई." हा तोच अंबादास, ज्याची बायको खांबाकडे बोट दाखवायची.

मी गाडी उभी केली. "नथ्थूजी, आता तं सांगा. तुमचा काय संबंध राह्यला त्या माणसाशी?"

त्यांनी दाताळं टेकवलं. दम लागला होता. वरून गाडी गेली, तिचा वारा आमच्या अंगावरून गेला, आणि ती जाईस्तोवर त्यांनी वाट पाहिली.

"त्यानं सोडवलं का?"

"नाई."

"मंग तू गाडी बाजूले घे. मागं दुसरी ट्रॉली आहे."

त्या पावसाळ्यात ते गेले. साधा ताप म्हणत होते.

कंपनीच्या कॅलेंडरवर तो फोटो छापून आला आहे. खाली लिहिलंय, ग्रामस्थांशी संवाद. दुपट्टा पसरलेला, नथ्थूजींचा चेहरा भिंतीसारखा, आणि साहेबाच्या कपाळावर आठ्या. गंमत करणाऱ्या माणसाच्या कपाळावर आठ्या नसतात, साहेब. मी हजारो सौदे पाहिले आहेत. तो चेहरा आकडा वाढवणाऱ्या माणसाचा आहे.

नथ्थूजी बोलले नाहीत, कारण तुम्ही बोल म्हटलं नाही. आता ते विचारायला येणार नाहीत. तो आकडा जगात एकट्या तुमच्याजवळ उरला आहे. तुमची बदली झाली, बढती झाली, तुम्ही दुसऱ्या कुठल्या गावात समोसे वाटत असाल. मला नुकसानभरपाई नको, तुमची माफी नको, कार्यक्रम नको. आमच्या पुलाशी या, दांडीखाली उभे राहा आणि अंबादाससमोर, त्याच्या बायकोसमोर, माझ्यासमोर सांगा: त्या दिवशी दुपट्ट्याखाली तुम्ही किती बोटं दाबली होती?